अरेरावी : एका शब्दाची ओळख

मराठीच्या वर्गात एकदा एक लहानसा वाद झाला. सातवीतल्या एका मुलीने थोरल्या भावाची तक्रार करताना म्हटले, "तो घरात फार बॉसी करतो." बॉसी करणे हे मराठी नव्हे, असे समोरच्या रांगेतून लगेच ऐकू आले. मग मराठी काय? एक आजोबा म्हणाले, दादागिरी. त्यांच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, छे, अरेरावी. मागून कोणी मुजोरी सुचवली, कोणी शिरजोरी, आणि एका आजींनी "हुकूमशाही म्हण गं सरळ" असे सांगून विषय संपवला. मुलीने पाचही शब्द वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "यातला बरोबर कोणता?"

पाचही शब्द अस्सल वापरातले आहेत. पण पाचांचा अर्थ एक नाही, आणि तो फरक कळल्याशिवाय कोणता शब्द कुठे शोभतो हे कळत नाही. म्हणून हा पाठ.

दादागिरीपासून सुरुवात करू. दादा म्हणजे थोरला भाऊ. कित्येक मराठी घरांत वडिलांनाही दादा म्हणतात. शब्द मुळात मायेचा आणि मानाचा. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणारे फाळके दादासाहेब झाले, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव पाटील लोकांचे वसंतदादा झाले. मग याच शब्दाला वाईट वळण कसे लागले? त्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाकडून आलेला माणूस लालबाग-परळच्या चाळीत उतरे. त्याला जागा हवी, काम हवे, अडीनडीला उसने पैसे हवेत, भांडण झाले तर पाठीशी कोणी हवे. हे सारे करणारा त्या वस्तीत, त्या आखाड्यात एक दादा असे. तो मदत करी, आणि मदतीच्या बदल्यात त्याचा शब्द सगळ्यांनी झेलावा अशी त्याची अपेक्षा असे. जो झेलणार नाही त्याला आखाड्यातली पोरे भेटत. त्या वागण्याला दादागिरी हे नाव पडले. शेवटचा 'गिरी' फारसीतून आलेला प्रत्यय आहे. मुलूखगिरी, गुलामगिरी या शब्दांत तोच आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले तेव्हा तो मराठीत चांगलाच रुजलेला होता, आणि २००६ सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई'नंतर लोक गांधीगिरी म्हणू लागले, म्हणजे तो अजून जिवंत आहे. एवढे लक्षात ठेवावे की दादागिरीमागे मनगटाचा जोर किंवा माणसांचा जमाव लागतो. पंधरा वर्षांच्या भावाजवळ यातले काही नसते. तो खराखुरा दादा आहे, इतकीच काय ती गंमत.

मुजोरी वेगळी. हिंदीत मुँहजोर असा शब्द आहे, त्याचेच हे मराठी रूप. मुँहजोर घोडा म्हणजे तोंडाचा कठीण घोडा. लगाम कितीही खेचा, तो वळत नाही. म्हणून ज्याने ऐकायला हवे तो ऐकत नाही, उलट उत्तर देतो, तिथे मुजोरी. रिक्षावाल्यांची मुजोरी असे मथळे मराठी वर्तमानपत्रांत हमखास दिसतात, मालकाची मुजोरी असे फारसे दिसत नाहीत. शिरजोरीत आणखी एक छटा आहे. चूक आपली, आणि डोके वर आपलेच. 'चोर तो चोर वर शिरजोर' ही म्हण ज्याला समजली त्याला हा शब्द समजला. हुकूमशाही हा तर राज्यकारभाराचा शब्द. त्यातला हुकूम अरबी आहे, शाही फारसी आहे. आजींनी तो घरातल्या मुलाला लावला तो थट्टेने, आणि थट्टेत सगळे चालते.

उरली अरेरावी. मावशींनी सुचवलेला हा शब्द त्या मुलीच्या वाक्यात सर्वांत नेमका बसतो, कारण अरेरावीला मनगट लागत नाही, जमाव लागत नाही, राज्य लागत नाही. ती फक्त तोंडाने करता येते.

शब्दाची घडण उघडी आहे. अरे, राव, आणि शेवटी भाव दाखवणारा ई. अरे म्हणजे हाक. राव म्हणजे राजा. संस्कृत राजन् हा शब्द प्राकृतात राय झाला, पुढे मराठीत राव झाला, आणि मग पुरुषाच्या नावाला जोडायचे आदराचे शेपूट बनला. माधवराव, गणपतराव. आज पुण्याकडे मित्र मित्राला "काय राव!" म्हणतो तेव्हा राजेपण पार झिजून गेलेले असते, पण मूळ तेच. आता अरे आणि राव एका शब्दात कसे आले याची दोन स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. एक असे, की ज्याला राव म्हणायचे त्यालाच अरे म्हणणे ती अरेरावी. दुसरे असे, की समोरच्याला अरे म्हणायचे आणि स्वतःला मात्र राव म्हणवून घ्यायचे, ती अरेरावी. पहिल्यात नुसता उद्धटपणा आहे, तो मुजोरीतही सापडतो. दुसऱ्यात दोन माणसांमधली तिरकी तराजू दिसते. बोलणारा स्वतःचे पारडे वर उचलतो ते समोरच्याचे खाली दाबूनच. रोजच्या वापरात शब्दाचा जो वास येतो तो या दुसऱ्याच अर्थाचा आहे. "त्याची अरेरावी चालू देऊ नका," असे कोणी म्हणते तेव्हा मनात येतो तो स्वतःला राव समजणारा माणूस.

व्याकरण थोडक्यात. शब्द स्त्रीलिंगी. अरेरावी करणे, अरेरावीने बोलणे, अरेरावीची भाषा. तसे वागणारा तो अरेराव. जवळचे दोन वाक्प्रचार : अरेतुरे करणे, म्हणजे मान न ठेवता एकेरीत बोलणे, आणि अरेला कारे करणे, म्हणजे ज्याने अरे म्हटले त्याला तसेच उत्तर देणे.

इथे लहान मुलांचा एक प्रश्न येतोच. आई तर मला रोज अरे म्हणते, मग ती अरेरावी करते का? मुळीच नाही. अरे हा शब्द निर्दोष आहे. आई मुलाला अरे म्हणते, मित्र मित्राला म्हणतो, आणि मराठी संतांनी देवालासुद्धा एकेरीत हाक मारली. इब्री प्रार्थनेत 'बारूख अत्ता' म्हणताना जो 'अत्ता' येतो, त्याचा अर्थ तू. इब्रीत तू आणि आदरार्थी तुम्ही असा भेदच नाही, त्यामुळे राजाला, भिकाऱ्याला आणि अदोनायला एकच 'अत्ता'. मराठीत मात्र तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. अरे, अगं, अहो या हाका त्या पायऱ्यांवर ठेवलेल्या आहेत. कोण कोणाला कोणत्या पायरीवर उभे करतो, यावर सगळे अवलंबून. दोघेही एकमेकांना अरे म्हणत असतील तर ती मैत्री. एकाने अरे म्हणायचे आणि दुसऱ्याने अहो म्हणायचे, आणि वय किंवा नाते हे त्याचे कारण नसेल, तर तिथे अरेरावीला जागा झाली.

जुन्या कोकणात हे कारण वय नसे, जात असे. उच्च मानल्या गेलेल्या घरातला दहा वर्षांचा मुलगा साठ वर्षांच्या बलुतेदाराला अरे म्हणे, आणि म्हातारा त्याला अहो म्हणे. मराठीत नावाला 'या' लावला की माणूस लहान होतो : रामाचा राम्या, तसा तेल्याच्या जातीचा तेल्या. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नव्हते. गावाने दिले. गावाच्या उतरंडीत तेल्याची पायरी कोणती, हे वर्गातल्या आजोबा-आजींना सांगायची गरज नाही.

याच लोकांची नावे कशी बदलत गेली हे पाहण्यासारखे आहे. कोकणात शमुवेलचा सामाजी झाला, यहेझकेलचा हसाजी. शेवटी लागलेला 'जी' हा रावाचाच सख्खा भाऊ, आदराचे शेपूट. पुढे मंडळी कंपनीच्या लष्करात शिरली, सुभेदार-जमादार झाली. मुंबईत मांडवीला १७९६ साली बांधलेली शार हारहमीम, जिला सगळे जुनी मशीद म्हणतात, ती बांधणारे शमुवेल यहेझकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या पलटणीतले अधिकारी. ज्यांच्या आज्याला गावात एकेरी हाक येई, त्यांच्या नावापुढे दोन पिढ्यांत हुद्दा आला आणि मागे जी आला. मान असा मिळत जातो तेव्हा त्याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण शब्दाचा अभ्यास प्रामाणिक असावा. त्याच समाजात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा एक भेद होता. आईकडून किंवा बापाकडून समाजाबाहेरचे रक्त आले असे ज्यांच्याबद्दल मानले जाई, ते काळे. कातडीचा रंग कोणताही असो, नाव हेच. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही. काही मशिदींत किद्दूशाचा प्याला त्यांच्या हाती सर्वांत शेवटी जाई. हे चालले ते शतकानुशतके, आणि विसाव्या शतकात हळूहळू विरले. आज तरुण पोरांना हे शब्द माहीतही नसतात, ते बरेच आहे. पण अरेरावी शिकवताना ते झाकून ठेवले तर पाठ अर्धा राहतो. ज्यांना गावाने खालच्या पायरीवर उभे केले, त्यांनी आपल्या मशिदीत आणखी एक खालची पायरी बांधली. वर्गात हा भाग वाचताना एखाद्या घरातले कोणी गप्प बसले तर त्यांना कारण विचारू नये.

पायरी दाखवायला दरवेळी अरे म्हणावे लागतेच असे नाही, आणि याचे उदाहरण याच समाजाच्या आठवणीत ताजे आहे. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या मुलामुलींची लग्ने इतर यहुद्यांशी ठरू लागली तेव्हा काही रब्बींनी ती लावायला नकार दिला. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयातून सूचना निघाल्या : बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर तिच्या किंवा त्याच्या आईची, आजीची, त्यामागच्या पिढ्यांची जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करावी. सूचनेची भाषा सभ्य होती. तिच्यात एकही शिवी नव्हती. लग्नाला मनाई आहे असेही तिच्यात म्हटले नव्हते. फक्त इतरांना जो प्रश्न विचारला जात नव्हता तो यांना विचारायचा होता, आणि नाव घेऊन विचारायचा होता. रेवदंड्याच्या किंवा पनवेलच्या पणजीचा कागद कोणाकडे असणार? दोन वर्षे अर्ज, सभा, निषेध चालले. १९६४ च्या उन्हाळ्यात माणसे यरुशलेममध्ये धरणे धरून बसली, मुंबईतही निषेध झाला. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने संसदेत स्पष्ट केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत आणि त्यांच्यात व इतरांत भेद नाही. त्यानंतर सूचनांमधून समाजाचे नाव काढण्यात आले. लोकांना जे खुपले होते ते त्या नावातच होते. चौकशी सगळ्यांची होणार असती तर एवढे लोक उन्हात बसले नसते.

मग याला अरेरावी म्हणायचे का? शब्दाला काटेकोर धरले तर नाही, कारण कोणी अरे म्हटलेले नाही. इथे मराठीतल्या अरेरावीला थोडी मदत इब्रीतला एक शब्द करतो.

तो शब्द परेख. शेमोतच्या पहिल्या अध्यायात, १३ आणि १४ या ओव्यांत, मिसरी लोकांनी इस्राएल लोकांकडून 'बेफारेख' काम करून घेतले असे दोनदा येते. १८४६ साली मुंबईत छापलेल्या मराठी हग्गादापासून आजपर्यंत पेसाहच्या रात्री घराघरांत ही हकीकत मराठीतही वाचली गेली आहे. भाषांतरात सहसा कठोरपणा, निष्ठुरपणा असे काही येते. पण तलमूदात, सोटा या ग्रंथात, दोन रब्बींनी या शब्दाची दोन वेगळी फोड केली आहे. रब्बी शमुवेल बार नहमानी म्हणतात, परेख म्हणजे चुरडणे, मोडणे. रब्बी एलाजार म्हणतात, परेख म्हणजे 'पे राख'. पे म्हणजे तोंड, राख म्हणजे मऊ. मिसऱ्यांनी मऊ तोंडाने गुलाम केले. मिद्राशात याची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी फारोने स्वतः हातात टोपली आणि फावडे घेतले आणि लोकांना म्हटले, आजचा दिवस मला मदत करा. राजा काम करतो आहे हे पाहून सगळे जीव तोडून कामाला लागले. संध्याकाळी विटा मोजल्या आणि सांगितले, उद्यापासून रोज इतक्याच.

घोड्याच्या मुजोर तोंडाची गोष्ट वर आली आहे, ती इथे आठवावी. एक तोंड कठीण, एक तोंड मऊ. कठीण तोंडाचा माणूस ओळखू येतो आणि त्याला अरेला कारे करता येते. मऊ तोंडाला कारे कसे म्हणणार? दोन रब्बींमध्ये रब्बी एलाजार यांची फोड व्याकरणाने ओढूनताणून आणलेली वाटेल, पण माणसांच्या स्वभावाच्या बाबतीत तेच जास्त जाणते होते.

वायिक्राच्या २५ व्या अध्यायात हाच शब्द पुन्हा येतो, आणि तिथे तो मिसऱ्यांसाठी येत नाही. गरिबीमुळे दुसऱ्याच्या घरी कामाला राहिलेल्या भावावर परेखने सत्ता गाजवू नका, असे इस्राएल लोकांना सांगितले आहे. म्हणजे कालच्या गुलामाला आज मालक होताना दिलेली ही ताकीद आहे. हाराम्बाम, म्हणजे मोशे बेन मैमोन, यांनी मिश्ने तोरात परेख कशाला म्हणावे हे सांगितले आहे, आणि त्यांची उदाहरणे अगदी घरातली आहेत. चाबकाचे त्यांत नावही नाही. ज्या कामाला शेवट नाही ते परेख : मी येईपर्यंत वेलींखाली खणत राहा, असे म्हणू नये, अमुक वेळेपर्यंत खण, असे सांगावे. ज्या कामाची गरज नाही तेही परेख : नोकर रिकामा बसू नये एवढ्यासाठी एक पेला पाणी तापवायला सांगणेसुद्धा. हा नियम इब्री नोकरापुरता होता, परक्या गुलामाला कायद्याने ते संरक्षण नव्हते, हे हाराम्बाम लपवत नाहीत. पण लगेच पुढे सांगतात की शहाण्या आणि दयाळू माणसाची रीत वेगळी असते : गुलामालाही हाताने किंवा शब्दाने लाजवू नये, त्याच्यावर ओरडू नये, शांतपणे बोलावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. अबू धाबीत सादियात बेटावर २०२३ साली उघडलेल्या सिनॅगॉगला याच मोशे बेन मैमोन यांचे नाव आहे. मुलांनी ती वास्तू पाहिली असेल, तर त्या नावाच्या माणसाने एक पेला पाण्याबद्दल काय लिहिले तेही माहीत असावे.

आता इथली भाषा. अमिरातीत राहणाऱ्या मराठी मुलाला एक फायदा आहे, मराठीतले कितीतरी शब्द त्याला त्यांच्या मूळ घरी ऐकायला मिळतात. हुकूम आणि जुलूम हे दोन्ही अरबीतून आलेले. जुलूम म्हणजे वस्तू तिच्या जागेवर न ठेवणे, असा अर्थ जुने अरबी कोशकार देतात. पायऱ्यांची गोष्ट पुन्हा तीच. साहेब हा शब्द तर फारच मजेदार. अरबीत साहिब म्हणजे सोबती, मित्र, तसाच एखाद्या वस्तूचा धनी. मराठीत येईपर्यंत सोबती गळून पडला आणि धनी तेवढा उरला. गरीब हा अरबीत परका, परदेशी. मराठीत तो पैसा नसलेला झाला. परदेशात राहिलेल्या माणसाला हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ आहेत ते सांगावे लागत नाही. इमारतीच्या राखणदाराला इथे नातूर म्हणतात, आणि कामगार आपल्या मालकाला अरबाब म्हणतात. अरबाब हे 'रब्ब' या शब्दाचे अनेकवचन, रब्ब म्हणजे स्वामी. इब्रीतला रब्बी शब्द ज्या धातूतून आला त्याच धातूतला हा. एका माणसाला अनेकवचनी स्वामी म्हणायचे! मराठीतही एका माणसाला आपण बहुवचनात 'अहो, तुम्ही' म्हणतोच. आदर द्यायचा तर एकाचे अनेक करायचे, ही युक्ती दोन्ही भाषांना सुचली आहे.

आणखी एक गोष्ट इथल्या मराठी घरांनी ध्यानात घ्यायची आहे. मुंबईकडच्या मराठी माणसाची हिंदी तू आणि तुम यांवरच चालते. लालबागमध्ये किंवा पनवेलमध्ये त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण दुबईत टॅक्सी चालवणारा पेशावरचा असतो, दुकानदार लखनौचा किंवा कराचीचा असतो, आणि त्याच्या कानाला अनोळखी मुलाने तुम म्हणणे खटकते. तो आप ऐकायला सरावलेला असतो. बारा वर्षांचा मुलगा मागच्या सीटवरून "तुम इधर से लो" म्हणतो तेव्हा मुलाच्या मनात अरेरावी नसते, ऐकणाऱ्याच्या कानात मात्र ती पोचते. ही सवय आईवडिलांची असते, मुलांची नव्हे. तसेच घरी काम करणारी बाई वयाने आईएवढी असली तरी तिला सर्रास नावाने हाक मारली जाते. मराठीत त्यासाठी ताई, मावशी, काकू असे नात्याचे शब्द तयार आहेत. तिला मराठी येत नसले तरी मावशी या शब्दाचा सूर तिला समजतो. मात्र मावशी म्हणून रात्री अकरा वाजता चहा टाकायला सांगितला, तर ते पे राख.

वर्गातल्या वडीलधाऱ्यांसाठीही एक ओळ लिहायला हवी. मुलांचा ळ चुकतो, लिंग चुकते, ती "माझा पुस्तक" म्हणतात. दुरुस्त करावे. पण चारचौघांत हसून दुरुस्त केले की मूल पुढचे वाक्य इंग्रजीत बोलते, आणि मग त्याला मराठी येत नाही अशी तक्रार राहते.

घरचा अभ्यास. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, त्यांच्या आजोबांना गावात कोण कोणत्या नावाने हाक मारीत असे, आणि आजोबा त्यांना उलट काय म्हणत. दोन्ही हाका वहीत शेजारी शेजारी लिहा. नंतर एक दिवसभर स्वतः किती जणांना अरे किंवा तुम म्हटले आणि त्यांतल्या किती जणांनी उलट तसेच म्हटले, ते मोजा. दादागिरी, मुजोरी, शिरजोरी, जुलूम आणि अरेरावी यांचे एकेक वाक्य करा. वाक्य ऐकीव नको, पाहिलेल्या प्रसंगावरचे हवे. मोठ्या मुलांनी परेख या शब्दाच्या दोन फोडींपैकी आपल्याला कोणती पटते ते पाच-सहा ओळींत लिहावे.

सातवीतल्या मुलीने आपले वाक्य दुरुस्त केले आहे : "तो घरात फार अरेरावी करतो." वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. तिच्या भावाला पुढच्या वर्गाला बोलावले आहे, त्याचे म्हणणे अजून ऐकायचे आहे.